कंबर ते करंगळी : सायटिकाचे तुमचे अनुभव लिहा

पाठीराखा
महिन्यापूर्वी गॅसचा सिलिंडर सरकवायला वाकलो आणि कंबरेत कट्कन वाजलं. उसण भरली म्हणून आईने शेजारच्या पायाळू काकूंकडून कंबरेला पाय लावून घेतला. दोन दिवसांत उसण गेली, पण कळ कुल्ल्यातून पोटरीत आणि तिथून थेट करंगळीत उतरली. शिंक आली की जीव जातो. याच कळीला सायटिका म्हणतात. एमआरआयमध्ये ‘एल ५-एस १’ची, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची गादी सरकून नस दाबतेय असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरे म्हणतात सहा आठवडे थांबा, काका म्हणतात पंचकर्म. सल्ले घरात पोत्याने मिळताहेत. तुम्ही तुमचं काय झालं तेवढं लिहा.

खडूफळा
शाळेत दिवसभर उभं राहायचं काम. माझी गादी एल ४-एल ५ची, त्याच्या एक वरची. पहिल्या डॉक्टरांनी तीन आठवडे फळीवर झोपवलं. उठले तेव्हा पाय तेवढाच दुखत होता, वर मांड्या लुळ्या पडल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मला टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. मग उताणं झोपवून सरळ पाय वर उचलला. अर्ध्यावरच मी ओरडले. म्हणाले, ताकद शाबूत आहे, थांबू या, पण झोपून नाही. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं चालायचं, मग वाढवायचं.

आधी पाऊल सुटलं, मग पोटरी, शेवटी फक्त कंबर उरली. कळ अशी खालून वर सरकायला लागली की सुधारतंय समजा, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर कंबर दुखतेय म्हणून मी घाबरले असते. एकूण दहा आठवडे गेले. दीड वर्षाने वेगळ्या कारणाने एमआरआय झाला, त्यात तो बाहेर आलेला तुकडा जवळजवळ नाहीसा झालेला. शरीरच तो हळूहळू शोषून घेतं म्हणे.

मागचा_खिसा
माझं कारण सांगायला लाज वाटते. पाकीट. जाडजूड, उजव्या खिशात, त्यावर बसून रोज दोन तास गाडी चालवायची. मणका ठणठणीत, नस कुल्ल्याच्या स्नायूखाली चेपत होती. पाकीट पुढच्या खिशात आलं, दुखणं महिन्याभरात गेलं. पैसे त्याआधीच गेले होते, तपासण्यांत.

इंद्रायणीकाठ
बाबांचं (वय ७१) उलटंच. बसले की काही नाही. दोनशे पावलं चालले की दोन्ही पाय शिशाचे, मग कट्ट्यावर टेकायचं. पण सायकलवर आळंदीला जाऊन येतात! आम्हाला वाटायचं ढोंग करतात. वयाने मणक्यातली नळी अरुंद झालीय, पुढे वाकलं की ती जराशी मोकळी होते, म्हणून सायकल जमते. पुढे वाकायचे व्यायाम त्यांना मानवले.

चालतीबोलती
मी फिजिओ. वरचं वाक्य वाचून पाठीराखा यांनी लगेच वाकायला सुरुवात करू नये. गादी सरकलेल्या बऱ्याच जणांना पुढे वाकलं की कळ वाढते. सायटिका हे रोगाचं नाव नाही, नस कुठेतरी चिडल्याची तक्रार आहे. बाबांचा व्यायाम मुलाला अपाय करू शकतो. व्हिडिओ बघून केलेले व्यायाम निस्तरण्यात माझे निम्मे दिवस जातात.

वैद्यांचा_नातू
आजोबा याला गृध्रसी म्हणायचे. चरकसंहितेतही कळ कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी उतरते. मी बस्ती (पंचकर्मातला औषधी एनिमा) घेतले, आराम पडला. पण तोवर दोन महिने झालेच होते. बस्तीने गेलं की दिवसांनी, देव जाणे.

निशिगंधा
हे लिहू की नको असं चाललं होतं. मलाही सुरुवात अशीच, एका पायात. मग दोन्ही पायांत. मग सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर झाला आणि लघवीला होईना. दोन दिवस मी घरात कुणाला बोलले नाही. सासरे समोर बसलेले, काय सांगणार? ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर ‘कमी पाणी प्यालात’ म्हणून सोडून दिलं. शेवटी बहिणीने ओढून नेलं, त्याच रात्री ऑपरेशन. चालते आहे, पण लघवीची जाणीव परत यायला आठ महिने लागले आणि पूर्ण आलेली नाही. ते दोन दिवस माझे मीच घालवले. असं काही झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, रात्री दोनलाही निघा.

चिरा_दीड_इंच
माझं ऑपरेशन ठरवून झालं, चौथ्या महिन्यात. गुंगी उतरली तेव्हा पायातली कळ गायब. अंगठ्याचा बधिरपणा मात्र अजून आहे. सर्जनने आधीच नेदरलँड्सच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं (२००७, २८३ रुग्ण): लवकर कापलं तर आराम लवकर, पण वर्षाअखेर थांबलेले आणि कापलेले जवळजवळ सारखेच. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. मी थांबून पाहिलं, मग त्या ३९मध्ये गेलो. पश्चात्ताप नाही.

पाठीराखा
सगळ्यांचे आभार. निशिगंधाताई, तुमचं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तसलं काही नाही मला.

खडूफळा यांचं वाचून आत्ता स्वयंपाकघरात चालून पाहिलं. टाचांवर जमलं. चवड्यांवर डावा पाय उचलला, उजवी टाच मात्र जमिनीवरून सुटेना. तीनदा पाहिलं.

चालतीबोलती
हे डॉक्टरांना उद्याच दाखवा. ताकद जातेय का, हे त्यांना कळायला हवं.

पाठीराखा
फोन केला, अकराची वेळ मिळाली. पायाळू काकूही सोबत येते म्हणाल्यात.