अपिलाची मुदत टळली आहे. विलंब माफीच्या अर्जात काय लिहावे?

प्रश्न
नमस्कार. जमिनीच्या दाव्यात 15 जून रोजी माझ्या वडिलांविरुद्ध ताब्याचा हुकूमनामा (जमिनीचा ताबा द्यावा असा न्यायालयाचा आदेश) झाला. जिल्हा न्यायालयात अपील करण्यासाठी 30 दिवसांची मुदत असते, हे आम्हाला ठाऊक होते. निकालाची नक्कल 22 जूनला मागितली. ती 4 जुलैला तयार झाली व त्याच दिवशी हाती आली. मात्र 12 जुलैला वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, ते 19 ऑगस्टपर्यंत रुग्णालयात होते आणि त्या धावपळीत अपील राहून गेले. आज 10 सप्टेंबर, म्हणजे 57 दिवसांचा उशीर झाला आहे. कागदपत्रे गहाळ झाली होती असे अर्जात लिहा, असे एका परिचितांनी सुचवले. मला ते पटत नाही. खरे कारण पुरेसे ठरेल का?

पहिले उत्तर
ताई, आधी दिवस नीट मोजा, कारण आपला उशीर 57 दिवसांचा नाहीच. मुदत कायदा, 1963 च्या कलम 12 प्रमाणे निकालाचा दिवस धरला जात नाही आणि नक्कल मिळण्यास लागलेला काळही वजा होतो. त्यामुळे 15 जुलैला संपणारी मुदत, 22 जून ते 4 जुलै हे 13 दिवस मिळून, 28 जुलैपर्यंत जाते व आजचा विलंब 44 दिवसांचा भरतो. नकलेच्या पाठीमागे अर्जाची व नक्कल तयार झाल्याची तारीख नोंदवलेली असते. तीच या हिशेबाचा पुरावा आहे, म्हणून मूळ प्रत जपून ठेवा. अर्जात चुकीचा आकडा गेला, तर पहिल्याच तारखेला दुरुस्तीसाठी वेळ मागावा लागतो.

दुसरे उत्तर
मुदत कायद्याच्या कलम 5 खाली उशीर माफ होण्यासाठी ‘पुरेसे कारण’ दाखवावे लागते आणि आपले कारण भक्कम आहे. अजित सिंग ठाकूर विरुद्ध गुजरात राज्य (1981) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपील वेळेत दाखल न होण्यामागची घटना मुदत संपण्यापूर्वी घडलेली असावी लागते. आपल्या वडिलांना झटका आला 12 जुलैला, मुदत संपली 28 जुलैला. हा क्रम अर्जात ठळकपणे यायला हवा.

माझ्या मते खरा कस लागेल तो 19 ऑगस्टनंतरच्या 22 दिवसांचा, आणि बहुतेक अर्ज अशाच ठिकाणी लंगडे पडतात. घरी आल्यावर वडिलांना बोलता येत होते का, शुश्रूषा कोण करत होते, वकिलांना आपण कोणत्या दिवशी भेटलात, हे तारखांसह लिहा. कातिजी प्रकरणात (1987) न्यायालयाने प्रत्येक दिवसाच्या खुलाशाचा आग्रह हटवादीपणे धरू नये असे म्हटले आहे खरे, पण त्याच्या भरवशावर तीन आठवडे कोरे सोडू नयेत. डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीच्या नोंदी जोडा. कागद गहाळ झाल्याचे मात्र कदापि लिहू नका. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र असते, त्यात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, आणि सामनेवाल्याने ते उघडे पाडले तर खऱ्या आजारावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

तिसरे उत्तर
एक निकडीची बाब राहिली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 3-अ प्रमाणे विलंब माफीचा अर्ज व प्रतिज्ञापत्र अपिलासोबतच द्यावे लागते, आणि अपील ऐकायचे असे न्यायालय ठरवत नाही तोवर हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. सामनेवाला मधल्या काळात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करू शकतो. म्हणून आणखी एक आठवडाही दवडू नका, आणि अर्जाची सुनावणी लवकर घ्यावी अशी विनंती त्याच दिवशी करा.

कलम 5 सगळीकडे चालते असेही समजू नये. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायचे असेल तर तीन महिने व त्यावर फार तर 30 दिवस, त्यापुढे न्यायालयाचेही हात बांधलेले असतात. आपले प्रकरण तसे नाही, हे नशीब.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नक्कल आताच उलटून पाहिली. दोन्ही तारखा पाठीमागे आहेत. 26 ऑगस्टला मी वकिलांकडे गेले होते, परंतु वडिलांचा उजवा हात उचलत नसल्याने वकीलपत्रावर सही होऊ शकली नव्हती. 8 सप्टेंबरला त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. ही हकीकत तारखांसह अर्जात घालत आहे आणि उद्या सकाळी अपील दाखल करणार आहे. म्हणजे विलंब 45 दिवसांचा लिहावा लागेल.