लाल दिसली की रूटमास्टर?

बोनेटवाला: सकाळी एकाने टाकलंय, ‘लेकीबरोबर कार्टून पाहिलं. 1952 चं लंडन, धो धो पाऊस आणि आपली लाडकी रूटमास्टर!’ सोबत चित्र. अहो, रूटमास्टर या लंडनच्या लाल डबलडेकर बसचा पहिला नमुनाच लोकांपुढे आला 1954 ला, प्रवासी घेऊन धावली 1956 ला. मग 52 च्या पावसात भिजायला आली कुठून? ड्रायव्हरच्या डावीकडे अरुंद, उभा, उघडा रेडिएटर ढळढळीत दिसतोय. ही आरटी, म्हणजे रूटमास्टरच्या आधीची लंडनची डबलडेकर, एईसी कंपनीची रीजंट. रूटमास्टरचं बोनेट रुंद, रेडिएटर जाळीमागे. मागचा उघडा प्लॅटफॉर्म दोघींना असतो, म्हणून कुणालाही काहीही म्हणायचं?

लेकीचा_बाबा: भाऊ, मी पोरीशेजारी बसलो होतो, आरटीओत नाही. चित्रकाराला लंडन दाखवायचं होतं, त्याने लाल बस काढली. विषय संपला.

बोनेटवाला: उद्या 52 च्या मुंबईत कुणी मेट्रो काढली तर चालेल का?

गिरगावची_खिडकी: मुंबईचं नाव काढलंतच तर ऐका. 1937 पासून धावणारी आपली डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला शेवटची गेली तेव्हा हळहळायला किती जण होते? वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी मी सख्ख्या भावाचा शर्ट फाडलाय. कंडक्टरने डबल बेल मारली की खिडकीतून वारा असा आत यायचा की आईने घातलेली वेणी सुटायची. आता एसीवाल्या आणल्यात. काचा बंद!

लेकीचा_बाबा: हे बरोबर.

घामट_प्रवासी: काय बरोबर? मे महिन्यात वरच्या मजल्यावर उभं राहून, पत्र्याखाली भाजत गेलायत कधी? मी दहा वर्षं गेलोय. एसीत बसल्यावर पहिल्यांदा ऑफिसात कोरड्या शर्टाने पोचलो. तुमच्या आठवणींना घाम येत नाही, आम्हाला येतो.

गिरगावची_खिडकी: मग टॅक्सी करायची होती.

घामट_प्रवासी: पैसे तुम्ही देणार होतात?

बोनेटवाला: धागा लंडनचा आहे!!

जुना_स्पॅनर: लंडनचाच घ्या मग. मघापासून चित्र मोठं करून बघतोय. वरच्या मजल्यावर, बाजूच्या बरोब्बर मध्ये, एक छोटी चौकोनी खिडकी आहे. आरटीला ती नसते. ती 30 फुटी लांब रूटमास्टरची, म्हणजे आरएमएलची खूण, आणि ती आली 1961 ला. तोंड आरटीचं, अंग आरएमएलचं. चित्रकाराने दोन फोटो समोर ठेवून एक बस काढलीय.

लेकीचा_बाबा: म्हणजे अर्धी रूटमास्टर! बोनेटसाहेब, सकाळपासून ओरडताय ते खिडकी न मोजताच?

बोनेटवाला: खिडकी सुटली नजरेतून. मान्य. पण रेडिएटर आरटीचाच आहे.

लेकीचा_बाबा: ठीक, पुढची अर्धी तुमची. लेकीला विचारलं, ती म्हणते फायर ब्रिगेड आहे.