मंदीत कर्ज उचला म्हणे! देणार कोण?

शिवडीकर
आमच्या एका गटात काल पोस्ट फिरत होती: 'मराठी माणूस कर्जाला घाबरतो म्हणून मागे पडतो. मंदीत व्याजदर उतरतात, तेव्हाच कर्ज उचलायचं.' खाली टाळ्याच टाळ्या. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, उतरतो, मान्य. फेब्रुवारी २०२५ च्या आधी ६.५० होता, डिसेंबरात ५.२५ झाला. पण फायदा कुणाला? ज्याचं फ्लोटिंग, म्हणजे दराबरोबर व्याज हलणारं, गृहकर्ज चालू आहे त्याला. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड, आणि कार्डाला तर रेपोचा वाराही लागत नाही. माझ्या कार्डावर महिना साडेतीन टक्के होते, तेवढेच आहेत. पन्नास हजार थकले आणि 'मिनिमम ड्यू'चे अडीच हजार भरले, तर त्यातले १,७५० व्याजात, ३१५ जीएसटीत. मुद्दल फिटलं ४३५ रुपये! आमच्या आजोबांच्या दारात पठाण सावकार काठी घेऊन बसायचा, निदान समोर दिसायचा तरी.

आणि मंदीत पहिला हात आखडतात तो पगाराची पावती नसलेल्यांवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांचं रिस्क वेट, म्हणजे कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं त्याचं माप, १०० टक्क्यांवरून १२५ केलं. तेव्हा कुठे मंदी होती? तरी माझ्या भाच्याची फाइल त्याच महिन्यात परत आली. क्रेडिट स्कोअर ७६०. कारण विचारलं तर 'पॉलिसी बदलली'. सोनेतारण त्या नियमातून बाहेर, म्हणून बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. ही तुमची हुशारी?

हिशेबी
ती पोस्ट माझीच. २०२० मध्ये रेपो ४ वर होता तेव्हा मी डोंबिवलीत फ्लॅट घेतला. सगळे म्हणाले वेडा आहेस. आज तेवढ्यात त्या बिल्डिंगमध्ये वन आरके येत नाही. कार्ड फिरवत बसणाऱ्यांची तुलना माझ्याशी करू नका.

शिवडीकर
आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तोच रेपो ६.५० झाला, ते पोस्टमधून बरं गळलं! ४० लाख, वीस वर्षं. सात टक्क्यांनी हप्ता ३१ हजार, नऊ टक्क्यांनी ३६. तुमचा हप्ता वाढला, की बँकेने गुपचूप मुदत ताणली?

हिशेबी
मुदत ताणली. मग? मी मध्येच पैसे भरून कमी केली. फ्लोटिंगला प्रीपेमेंट चार्ज नसतो, तेवढं माहीत असावं.

भांडुपवाली
मध्येच भरायला पैसे असणारे लोक मंदीवर सल्ले देतात, हीच तर गंमत आहे.
आमचं ३५ लाखांचं कर्ज २०२० च्या जानेवारीतलं. यांचा पगार निम्मा झाला, म्हणून सहा महिने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते थांबवायची सवलत, घेतली. आम्हाला वाटलं, सरकारने माफ केलं. हप्ते थांबले, व्याज नाही थांबलं. पंचवीसेक हप्ते मागे वाढले. कोर्टात गाजलेलं ते व्याजावरचं व्याज परत आलं, अडीच हजारसुद्धा नव्हतं. त्यापेक्षा यांच्या ऑफिसची पतपेढी बरी होती, जामीनदारांच्या दोन सह्यांवर दोन लाख दिले.

जुना_गिरणगावकर
ताई, त्या दोन सह्या कुणाच्या होत्या ते सांगा. माझ्या वडिलांची अशीच एक सही होती. बाकावर शेजारी बसणाऱ्याने मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं, वर्षभरात नोकरी सोडून गावी गेला. वडिलांच्या पगारातून चार वर्षं कपात. माझं इंजिनिअरिंग त्यात गेलं. पतपेढीचं गुणगान माझ्यापुढे नको.

भांडुपवाली
ओळख पारखून सही करायची, दादा. आम्ही एकही हप्ता चुकवला नाही. सगळ्यांना एकाच पंगतीत बसवू नका.

जुना_गिरणगावकर
पारखून? सोळा वर्षं एका डब्यातून जेवत होते ते दोघं!

कोर्टाची_पायरी
कायदा सांगतो, रागवू नका. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. शिवाय सहकार कायद्याच्या कलम ४९ ने पगारातून कपात, १०१ ने वसुली दाखला. पतपेढ्यांची वसुली चांगली दिसते ती जामीनदारांच्या पगारावर.

हिशेबी
धागा कर्जाचा होता, जामिनाचा नव्हता. भावनिक किस्से थांबवा.

जुना_गिरणगावकर
तुमचा डोंबिवलीचा फ्लॅट म्हणजे अर्थशास्त्र, आणि माझ्या बापाचा पगार म्हणजे किस्सा?

लोकलची_खिडकी
+१. आणि खरं सांगू, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी एवढंच बरं केलं की जामीनदार मागत नाहीत. (बाकी व्याजाबद्दल बोलायलाच नको.)

शिवडीकर
घ्या, आता अ‍ॅपची आरती! अहो, माझ्या शेजाऱ्याच्या मोबाइलमधले सगळे नंबर घेऊन सासऱ्यापर्यंत फोन केले होते त्यांनी. सासरा सही न करताच जामीन.

हिशेबी
कार्डाचं आणि अ‍ॅपचं तुमचं खरं. घ्या, हारतुरे पाठवतो. पण नोकरी पक्की असेल आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असतील, तर मंदीत घर घेणं चूक नाही. यावर मी मागे हटणार नाही.

शिवडीकर
ही अट पोस्टमध्ये असती तर मी कशाला रात्री एक वाजता टाइप करत बसलो असतो? नोकरी पक्की आणि सहा हप्ते शिल्लक! आमच्या मजल्यावर असा एक माणूस आहे, तो रिटायर झालाय.

भांडुपवाली
गिरणगावकर दादा, काल जरा जास्त बोलले. रविवारी माझा धाकटा दीर जेवायला येतोय, कोंबडी घेऊन. तो स्वतःहून काही आणणाऱ्यातला नाही. फॉर्म सोबत असणार. नाही कसं म्हणायचं, तेवढं कुणीतरी सांगा.

जुना_गिरणगावकर
कोंबडी शिजवा. पेन लपवा.