मदत हवी आहे: बाबांची साखर काही केल्या उतरत नाही

खाडीकाठ:
मी मुंबईत, आईबाबा देवगडजवळ गावाला. बाबांची साखर २६० आली. साखर बंद, मिठाई बंद, यंदा हापूसला हातही लावला नाही, तरी उतरत नाही. भात पूर्ण सोडायला सांगू का? नेमकं काय खायचं तेवढं सांगा. ‘डॉक्टरांना विचारा’ नको, दाखवून झालंय.

कौलारू:
२६० उपाशीपोटी की जेवणानंतर? एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) किती? वय? गोळ्या कुठल्या? यातलं काहीच माहीत नसताना काय सांगणार?

बांधावरून:
भातच मूळ आहे. आमच्या काकांनी तांदूळ सोडला, नाचणी धरली. भाकरी नाचणीची, आंबील नाचणीची. तुम्हीही तेच करा.

कौलारू:
नाचणीतलं पिष्ट तांदळाच्या जवळपासच असतं हो. तंतू जास्त, म्हणून एखादी भाकरी बरी. पण पेलाभर आंबील प्यायलात तर साखर चढणारच.

तारली:
माझ्या आवशीन पेज सोडूक नाय. एक वाटीच घेता, वांगडाक बांगडो नायतर मुगाची उसळ. म्हाताऱ्या माणसाक पेज सोडूक सांगतलास तर तो जेवचोच नाय.

सड्यावरचा:
तांदळाचा विषय निघालाच आहे तर, मुंबईत चांगला लाल उकडा तांदूळ कुठे मिळतो? इथल्या वाण्याकडचा शिजल्यावर गिच्च होतो.

खाडीकाठ:
तांदळाचं नंतर बघा ना! २६० जेवणानंतर दोन तासांनी. एचबीए१सी ८.९. वय ६८. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. सकाळी पेज-लोणचं, चहा गुळाचा. दुपारी भात, आमटी, मासे. रात्री जेवतच नाहीत, साखर वाढेल म्हणून. आई म्हणते पहाटे घामाने बनियन भिजतं, हात थरथरतात, मग उठून बिस्किटं खातात. वयामुळे असेल.

दोनवेळ:
रात्री जेवत नाहीत हे उत्तमच. मी दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवतो, ५५ मिनिटांच्या आत. साखर ताब्यात आहे.

ओसरी:
दोनवेळ, तुम्ही ग्लिमेपिराइड घेता का?

दोनवेळ:
नाही, फक्त मेटफॉर्मिन.

ओसरी:
मग तुमचं त्यांना लागू करू नका. खाडीकाठ, मी नर्स आहे, नीट वाचा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेऊन उपाशी झोपलं की पहाटे साखर खाली जाऊ शकते. तो घाम वयाचा समजू नका. आज रात्रीपासून त्यांना जेवायला सांगा: एक भाकरी, भाजी, डाळ किंवा मासा. पुन्हा घाम सुटला तर लगेच बोटातून तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. मशीन हाताशी नसेल तर थांबू नका, साखर आधी द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. गोळी मनाने बंद करू नका, पण आजच डॉक्टरांना फोन करून रात्रीचा उपास आणि घाम, दोन्ही सांगा. हे त्यांच्या कानावर गेलंय का?

खाडीकाठ:
नाही. आईने मला काल सांगितलं.

ओसरी:
म्हणून आज फोन कराच.

तारली:
आणि गूळ? गूळ पण साखरच मा!

कौलारू:
अगदी. शिवाय पेज पातळ, मऊ शिजलेली, सोबत फक्त लोणचं. झरझर रक्तात उतरते. वाटी लहान करा, जोडीला उसळ किंवा अंडं द्या. आमटीत नारळ असू दे, त्याने साखर फारशी चढत नाही. आंबाही कायमचा सोडायला नको. दोन फोडी खायच्या, त्या दिवशी भात कमी. मात्र जेवणावर आमरसाची वाटी नको.

सड्यावरचा:
उकड्याचं कोणीच सांगितलं नाही.

खाडीकाठ:
फोन केला. ग्लिमेपिराइड कमी केली, रात्री जेवायला सांगितलंय. मशीन घरी आहे, पण आई म्हणते पट्ट्या नीट चालत नाहीत, दर वेळी वेगळाच आकडा. मशीन बदलू?

ओसरी:
पट्ट्या कशात ठेवल्यात? पावसाळ्यात उघड्या राहिल्या तर दमट हवेने खराब होतात. मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून. तारीख बघा, आणि हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचा.