आंतोनिओनी झेपत नाही, म्हणून आम्ही बोलायचंच नाही?

तिसरी_घंटा
काल इथे कुणीतरी ठणकावलं, ‘ज्याला इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनीचा ‘लावेंतुरा’ कंटाळवाणा वाटतो त्याने सिनेमावर बोलू नये.’ का बुवा? बेटावर हरवलेली आना शेवटपर्यंत सापडत नाही आणि दिग्दर्शकाला त्याची फिकीरही नाही. 1960 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात युरोपातल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. त्यांनी उडवली तर इतिहास, आम्ही जांभई दिली तर अडाणी? इटलीच्याच डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ मी कधीही बघेन. त्यातल्या बापाचं काम करणारा खराखुरा कारखान्यातला कामगार, अभिनयाचा गंध नाही, तरी सायकल चोरीला गेली की आपल्या पोटात गोळा येतो. माझं वैर युरोपशी नाही, खडकांवर उगाच हिंडवण्याशी आहे.

रीळ_नंबर_चार
ठणकावणारा मीच. हुर्यो सांगितलीत, त्याच महोत्सवातलं ज्युरी पारितोषिक सोयीस्कर गिळलंत. आनाची मैत्रीण क्लाउदिया आणि प्रियकर सांद्रो तिला विसरतात आणि बघता बघता आपणही विसरतो, तिथेच सिनेमा आपल्याला पकडतो. हरवलेलं माणूस सापडायलाच हवं असेल तर सीआयडी बघा.

सोलापूरकर
खरं भांडण सबटायटल्सचं आहे. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांनी वाचायचं की बघायचं? मराठीत डब करा, मग बघू कोण जांभया देतं.

रीळ_नंबर_चार
डबिंग! मूळ आवाज गेल्यावर उरलं काय?

सोलापूरकर
कसला मूळ आवाज? त्या काळी इटलीत आवाज बहुतेक नंतर स्टुडिओतच भरायचे. ‘ला स्त्रादा’त अँथनी क्विन, ‘द लेपर्ड’मध्ये बर्ट लँकास्टर, दोघेही हॉलीवूडचे नट, दोघांच्याही तोंडी दुसऱ्याच कुणाचं इटालियन. रोममध्ये चालतं, सोलापुरात पाप?

जुना_सभासद
आमच्या फिल्म सोसायटीत एकदा रशियन प्रिंट सबटायटल्सविनाच आली. एक जण हातात कागद घेऊन कथा वाचत होता, तरी कुणी उठलं नाही. तुम्ही मोबाईलवर दीडपट वेगाने बघणार आणि वर कंटाळा आला म्हणणार!

तिसरी_घंटा
काका, दीडपट वेग कुणी काढला मध्येच? मी थिएटरात बघितलाय, तिकीट काढून.

रीळ_नंबर_चार
ते डबिंग दिग्दर्शकांच्या डोळ्यांदेखत व्हायचं. तुमच्याकडे कार्टूनमधला ससा स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या सिनेमातल्या म्हाताऱ्याला आवाज देईल.

सोलापूरकर
देऊ दे. त्याच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मधला म्हातारा डॉक्टर आमच्या वडिलांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

रीळ_नंबर_चार
बरं बाबा, ‘बोलू नये’ मागे घेतो. बोला. फक्त आधी सिनेमा संपू द्या.

तिसरी_घंटा
उपकार झाले! पण तो संपतो कुठे?