मदत हवी आहे: पोडावरचे स्वयंसेवक येईनासे झाले आहेत, मानधन सुरू करावे काय?

पांदणवाट
आमची संस्था यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर आणि झरी जामणी या तालुक्यांतील पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवते. वर्ग घेणारे तरुण-तरुणी त्या त्या पोडावरचेच आहेत आणि ते विनामूल्य शिकवतात. दिवाळीनंतर त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे येणे थांबले आहे. निरोप पाठवला की "येतो" म्हणतात आणि येत नाहीत. पुढील महिन्यात देणगीदार कंपनीची पाहणी आहे. या तरुणांना मानधन सुरू करावे काय आणि केल्यास किती, एवढेच कृपया सांगावे. सेवाभावावर भाषण नको.

कापूसकोंड्या
दिवाळीनंतर कापसाची वेचणी असते, हे आपल्याला सांगायला नको. मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे अंधार पडेपर्यंत कोणी वावरातून हलत नाही. संक्रांतीपर्यंत थांबा. मात्र मागील वर्षी याच दिवसांत काय होत होते, हे आपण लिहिलेले नाही.

पांदणवाट
मागील वर्षी वेचणीतही वर्ग चालू होते. उशिरा भरत, पण भरत.

माजी_मुख्याध्यापक
जवळच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेकडे पत्र द्यावे. तेथील विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तासांचे काम पूर्ण करावेच लागते. आमच्या गावातील वाचनालय आम्ही याच मार्गाने उभे केले.

तेरडा
सर, वाचनालयाची गोष्ट वेगळी आहे. पोडावरच्या लहान मुलांची घरची भाषा कोलामी असते आणि पाठ्यपुस्तक मराठीत असते. ही दरी पोडावरचाच तरुण भरून काढतो, शहरातून आलेल्या विद्यार्थ्याला ते जमणार नाही. पांदणवाट भाऊ, मागील वर्षापासून आतापर्यंत संस्थेत नेमके काय बदलले? कंपनीचा निधी केव्हा आला?

पांदणवाट
जुलैत आला. त्यातून तीन पगारी पर्यवेक्षक नेमले, तिघेही समाजकार्याचे पदवीधर आणि बाहेरचे. वर्गाचा फोटो रोज मोबाइलवरून पाठवावा लागतो. ज्यांचा येत नाही त्यांची नावे पर्यवेक्षक व्हॉट्सॲप गटावर टाकतात. मूळ प्रश्न मानधनाचा असल्याने हे लिहिले नव्हते.

पैनगंगाकाठ
मग आपल्या प्रश्नाचे उत्तर मानधनात नाही. जो तरुण दिवसभर कापूस वेचून, जेवण बाजूला ठेवून वर्ग घेत होता, त्याचे नाव चारचौघांत गैरहजर म्हणून जाहीर होते आणि ते जाहीर करणाऱ्याला त्याच कामाचा पगार मिळतो. अशा वेळी आपल्याकडील माणूस भांडत नाही, तो "येतो" म्हणतो. वर्गाची वेळ, जागा आणि सुट्टी पूर्वी कोण ठरवत होते आणि आता कोण ठरवते?

पांदणवाट
पूर्वी पोडावरचे लोक ठरवत. आता पर्यवेक्षक वेळापत्रक देतात, कारण अहवालात सर्व वर्गांची वेळ एकच दाखवावी लागते.

हिशेबनीस
पैनगंगाकाठ यांचे म्हणणे ऐकायला चांगले आहे, परंतु गरिबाने फुकट राबावे आणि पदवीधराने पगार घ्यावा, हा अन्याय वेळापत्रक बदलल्याने मिटत नाही. दरमहा ठरावीक रक्कम सुरू करा.

पैनगंगाकाठ
ठरावीक रक्कम दिली की अपेक्षा नोकराची आणि मोबदला स्वयंसेवकाचा, अशी अवस्था होते. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या गावोगावच्या आशा सेविका पाहा. कागदावर त्या आजही स्वयंसेविकाच आहेत, काम मात्र वाढत गेले आणि 2023 मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. द्यायचे असेल तर सरळ अर्धवेळ नेमणूक करा. अन्यथा प्रवास आणि मोबाइलचा प्रत्यक्ष खर्च विनाविलंब द्या.

हिशेबनीस
अर्धवेळ नेमणुकीला माझी हरकत नाही. ती पोडावरच्यांनाच मिळावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

कायदेकानू
विश्वस्त बदलले असल्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार बदल अहवाल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात सादर करावा.

तेरडा
विश्वस्तांचा विषय येथे कोणीही काढलेला नाही.

कायदेकानू
मग दुसरा मुद्दा. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, 2013 मधील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत विनावेतन काम करणारेही येतात. सर्व मिळून दहा जण होत असतील, तर अंतर्गत समिती अनिवार्य आहे. संध्याकाळच्या वर्गांवर मुली जातात, म्हणून लिहिले.

पांदणवाट
समिती नाही; ती करतो. गटावरील नावे आजपासून बंद करण्यास सांगितले आहे. परंतु पाहणीच्या दिवशी वर्ग रिकामे दिसले, तर कंपनीला काय सांगावे?

पैनगंगाकाठ
पाहणीसाठी मुले गोळा करू नका. वेचणीच्या काळात वर्गाची वेळ पोडागणिक वेगळी राहील, असे कंपनीला आताच लेखी कळवा आणि एका पर्यवेक्षकाच्या जागी पोडावरचे दोन अर्धवेळ शिक्षक नेमण्यासाठी तरतूद बदलून मागा. लेखी संमती येईपर्यंत त्या रकमेला हात लावू नका. पत्र पाठवण्याआधी पोडावर जाऊन त्या तरुणांशी बोला, आणि त्या वेळी पर्यवेक्षकांना सोबत नेऊ नका.

तेरडा
आणि रात्री जा. दिवसा पोडावर कोणीही भेटणार नाही.