नावाड्याच्या मुलीच्या हातात कोणती हत्यारं द्यावीत? (फायटर, लेव्हल ३)

काठावरची यांचा प्रश्न

नमस्कार. पुढच्या आठवड्यात आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (फासे टाकून पात्रं खेळायचा खेळ) नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, सुरू होतंय. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, सुरुवातच लेव्हल ३ पासून. आजवर मी फक्त जादूगार खेळले आहे. हत्याराच्या रकान्यात खंजीर लिहिलेला असायचा आणि तो कधी बाहेर निघाला नाही. या वेळी मुद्दाम फायटर, म्हणजे हत्याराने लढणारी, घेतली आहे.

तिचं नाव इरा. वडील नदीवर नाव चालवायचे. लहानपणापासून वल्हं आणि नाव ढकलायचा लांब बांबू हेच तिच्या हातात. एका पुरात नाव बुडाली, वडीलही गेले, आणि ती व्यापाऱ्यांच्या तांड्यावर पहारेकरी म्हणून लागली. स्ट्रेंग्थ (ताकद) १६, डेक्स्टेरिटी (चपळाई) १२. अंगावर चेन मेल (कड्यांचं चिलखत), डाव्या हाताला ढाल, फायटिंग स्टाइल ड्युएलिंग, म्हणजे एका हातातल्या हत्याराने लढायची. कॅम्पेन बहुतेक नदीकाठानेच फिरणार आहे, एवढं डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सांगितलंय.

हत्यारं अशी लिहिली आहेत: लाँगस्वोर्ड, वॉरहॅमर, लाँगबो आणि भात्यात २० बाण, दोन हँडॲक्स, दोन खंजीर. प्रत्येकाला कारण आहे. तलवार रोजच्या लढाईला, हॅमर सांगाड्यांसाठी, धनुष्य लांबच्यासाठी, कुऱ्हाडी फेकायला, खंजीर असावेत म्हणून.

अडचण अशी, की आमचा डीएम वजनाचा कडक नियम लावतो. स्ट्रेंग्थच्या पाचपटीपेक्षा जास्त पौंड अंगावर असले की चाल १० फुटांनी कमी. माझी मर्यादा ८० पौंड, आणि आत्ताच बेरीज ७६ झालीय. दोर नाही, पाण्याची पखाल नाही.

यातलं काय काढू? आणि आणखी एक, जे मला जास्त खुपतंय. ही यादी वाचली की मला इरा दिसत नाही. कुणाही फायटरची यादी वाटते.

---

लोखंडी हातमोजा

ढाल सोडा, ग्रेटस्वोर्ड घ्या, स्टाइल बदलून ग्रेट वेपन फायटिंग करा. दोन डी६ (सहा बाजूंचे फासे), आणि एक-दोन पडले की फासा परत टाकायचा. फायटरचं काम मारणं. अर्धी हत्यारं यादीतून आपोआप जातील.

---

दाराआड

मी बरीच वर्षं डीएम आहे आणि या प्रश्नावर माझं मन फार गुंतलेलं आहे, म्हणून लांब लिहितोय.

आधी वरच्या सल्ल्याबद्दल. तो चुकीचा नाही. पण हिशोब करून बघा. ग्रेटस्वोर्ड त्या स्टाइलसह, स्ट्रेंग्थचे ३ धरून, दर फटक्याला सरासरी साधारण ११.३ देते. एका हातातली लाँगस्वोर्ड ड्युएलिंगसह ९.५ देते. फरक दोनाच्याही आत, आणि त्यासाठी ढालीचा एसी (बचावाचा आकडा) २ घालवायचा. पहिल्या रांगेत उभी राहणारी दुसरी कुणी पार्टीत असेल तर जरूर करा. नसेल तर मी करणार नाही.

आता तुमची यादी. तुम्ही प्रत्येक हत्यारासमोर कारण लिहिलंत, ते छान केलंत. फक्त एक गोष्ट लिहिली नाहीत: ते हत्यार हातात यायच्या क्षणी इराचे दोन्ही हात कशात गुंतलेले असतील? मी नव्या खेळाडूंना डॅमेजचा (इजेचा) फासा नंतर बघायला लावतो, आधी हात मोजायला लावतो.

धनुष्याचंच उदाहरण बघा. त्याला दोन हात लागतात आणि इराच्या एका हाताला ढाल बांधलेली आहे. ढाल काढायला एक अख्खी ॲक्शन जाते, परत चढवायला दुसरी. म्हणजे पहिला बाण सुटेपर्यंत एक राउंड वाया, आणि शत्रू अंगावर आला की ती ढालीविना उभी. बरं, एवढं करून मिळतं काय? डेक्स्टेरिटी १२, म्हणजे नेमाला +३ आणि सरासरी ५.५ डॅमेज. तेच जॅव्हलिन (फेकायचा हलका भाला) हातात असेल तर फेकतानाही स्ट्रेंग्थच लागू होते: नेमाला +५, सरासरी ६.५, आणि ढाल जागच्या जागी. पल्ला कमी, ३० फूट, त्यापुढे १२० पर्यंत डिसॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा). लाँगबोचा १५० फुटांचा पल्ला कागदावर भुरळ घालतो, पण मी चालवलेल्या लढायांत दीडशे फुटांवरून सुरू झालेली क्वचितच आठवते.

जॅव्हलिनबद्दल मी इतका हट्टाने बोलतो त्याला कारण आहे. एकदा माझ्या टेबलावर एक खेळाडू होता, ग्रेटस्वोर्डवाला, मनापासून खेळणारा. दरीवरचा झुलता पूल, आणि पंख असलेले शत्रू वरून दगड टाकताहेत, खाली उतरायचं नावच घेत नाहीत. बाकीचे बाण मारत होते, मंत्र टाकत होते. त्याच्याजवळ फेकण्यासारखं काहीच नव्हतं. सलग चार राउंड तो म्हणाला, ‘मी थांबतो.’ चौथ्यांदा म्हणताना त्याचा आवाज उतरला होता. त्याच्या पानावर एक नजर टाकून ‘दोन जॅव्हलिन लिहून ठेव’ एवढं सांगणं माझं काम होतं. ते मी केलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्या सेशनआधी प्रत्येकाचं पान मागून घेतो.

हॅमर मात्र काढू नका. सांगाड्याला बोथट मार दुप्पट लागतो. त्याचे हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) १३. इराचा हॅमर लागला आणि डी८ वर दोन किंवा जास्त पडले, तर १४ तरी होतातच, सांगाडा संपला. फक्त एक पडला तर १२ होऊन तो एका पॉइंटावर उभा राहतो. तलवारीने त्याच सांगाड्याला बहुधा दोन फटके लागतील. दोन पौंडांत एवढा फरक पाडणारं दुसरं काही तुमच्या यादीत नाही.

हँडॲक्स आणि जॅव्हलिन दोन्ही नकोत. कुऱ्हाडीचा पल्ला २० फूट, काम तेच.

आणि तलवारीबद्दल जरा धीर धरून वाचा. ती मी काढायला सांगणार आहे.

तुम्हीच लिहिलंत, बांबू तिच्या हातात लहानपणापासून आहे. मग तिला भाला द्या ना. एका हाताने डी६, म्हणजे ड्युएलिंगसह सरासरी ८.५. तलवारीपेक्षा बरोबर एक कमी. त्या एकाच्या बदल्यात काय येतं बघा. भाला २० फुटांपर्यंत फेकता येतो. पाण्याखाली लढताना लाँगस्वोर्डला डिसॲडव्हांटेज लागतं. भाला, जॅव्हलिन, खंजीर, शॉर्टस्वोर्ड आणि ट्रायडंट यांना लागत नाही. तुमचं कॅम्पेन नदीकाठाने जाणार आहे, कुणीतरी तिला पाण्यात ओढणार हे मी तुमचा डीएम नसूनही सांगू शकतो. शिवाय लेव्हल ४ ला पोलआर्म मास्टर ही फीट (खास कौशल्य) घेतलीत, तर मागच्या टोकाने बोनस ॲक्शनचा आणखी एक फटका मिळतो, डी४ चा. भाला त्या यादीत मुळात नव्हता, २०१८ च्या दुरुस्तीत आला, त्यामुळे जुनं पुस्तक वापरत असाल तर डीएमला आधीच दाखवून ठेवा. ढाल, भाला आणि हा दुसरा फटका एकत्र चालतात. तांड्यापुढे उभं राहून वाट अडवणारी बाई म्हणून मला तर ती लगेच दिसली.

एक सावधगिरी. हत्यार काढणं दर टर्नला एकदाच फुकट असतं. आत्ता फटका एकच असल्याने अडत नाही. लेव्हल ५ ला दोन फटके आले की एका टर्नमध्ये दोन जॅव्हलिन काढता येतील का, हे डीएमशी बोलून घ्या. माझ्या टेबलावर मी चालवतो.

---

बोथट धार

मी जुन्या युरोपीय तलवारबाजीचा सराव करते, बोथट पोलादी तलवारींनी. नियमांचं वर आलंच आहे, मी हातांना काय जाणवतं ते सांगते.

खेळातली लाँगस्वोर्ड तीन पौंडांची आहे, म्हणजे १.४ किलोच्या आसपास. हे वजन खरं आहे. लोकांना वाटतं तलवारी पाच-सहा किलोच्या असायच्या. तशी तलवार घेऊन दोन मिनिटंही लढता येणार नाही. त्यामुळे इराच्या तलवारीचं वजन हा प्रश्न नव्हताच. प्रश्न तिच्या म्यानाचा आहे. कमरेला तलवार, दुसऱ्या बाजूला हॅमर, पुढे दोन खंजीर, मागे दोन कुऱ्हाडी, पाठीवर भाता. असं सगळं बांधून नावेत बसून बघा. वाकता येत नाही, वळताना कुणाला तरी लागतं. मी सरावाला तलवार आणि खंजीर एवढंच बांधते, तरी जिना उतरताना हात मुठीवर ठेवून म्यान मागे दाबावं लागतं.

धनुष्याबद्दलही एक सांगते. खेळात ते डेक्स्टेरिटीवर चालतं, खऱ्या युद्धधनुष्याला प्रचंड ताकद लागायची. ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यावर शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. बहुतेकांचा ताण १०० पौंडांच्या वर असावा असा अंदाज आहे. तेवढं खेचायला शरीर लहानपणापासून घडवावं लागतं. इराचं शरीर बांबू रेटण्यात घडलंय. भाल्याचा सल्ला मला म्हणूनच पटला. बांबू रेटताना जोर पायातून येतो, कंबरेतून वर चढतो आणि हात फक्त दिशा देतात. भाला खुपसतानाही तेच. तिला कुणी शिकवावं लागलं नसतं.

खंजीर मात्र एक तरी ठेवाच. भाला घेऊन कुठल्याही सरदाराच्या दालनात सोडत नाहीत, तो दाराशी ठेवावा लागतो. अंगाला अंग भिडलं, कुणी मिठी मारून खाली पाडलं, की लांब हत्याराचा उपयोग संपतो. खंजीर अशा जागी बांधा जिथे कुठल्याही हाताने पोचेल. मी पोटावर आडवा बांधते. आणि तो पाण्यात दोर कापायलाही येतो, जे नावाड्याच्या मुलीला सुचणारच.

---

लोखंडी हातमोजा

भाल्याचं पटलं. नदीचं कॅम्पेन हे मी नीट वाचलं नव्हतं. एक भर घालतो: वजन कमी करायचं तर हत्यारांकडे बघूच नका. तुमच्या ७६ पैकी सगळी हत्यारं मिळून १५ पौंड आहेत. एकटी चेन मेल ५५. स्केल मेल (खवल्यांचं चिलखत) घेतलीत तर ४५, आणि तुमच्या डेक्स्टेरिटीसह एसी फक्त एकाने कमी, १६ ऐवजी १५. लपताना आवाज दोन्हींचा होतो, त्यात फरक नाही. चेन मेलची किंमत ७५ सोन्याची नाणी, स्केलची ५०, तेव्हा डीएम अदलाबदलीला नाही म्हणणार नाही.

---

काठावरची

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री पान खोडून पुन्हा लिहिलं.

स्केल मेल ४५, ढाल ६, भाला ३, चार जॅव्हलिन ८, हॅमर २, एक खंजीर १. झाले ६५. त्यात ५० फुटांचा दोर १० आणि भरलेली पखाल ५. बरोबर ८०. नियम ‘पेक्षा जास्त’ म्हणतो, त्यामुळे ८० चालतात, डीएमला विचारून घेतलं. अंथरूण आणि शिधा तांड्याच्या खेचरावर.

तलवार खोडताना हात थांबला होता, खरं सांगते. फायटर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तलवारच येते. पण ‘भाला’ लिहिला आणि लगेच पुढचं सुचलं: पूर ओसरल्यावर नावेतलं एकच सामान काठाला लागलं, तो बांबू, अर्धा मोडलेला. तांड्याबरोबरच्या लोहाराने त्याला पातं बसवून दिलं. जिथे तिचे वडील धरायचे तिथे तो गुळगुळीत झालाय, आणि ती अजून तिथे हात ठेवत नाही, थोडा खाली ठेवते.

डीएमला हे वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘भाला तू फेकणार का कधी?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही.

दाराआड, एक शेवटचं विचारते. चांदीचा मुलामा एका हत्यारावर १०० नाण्यांना पडतो. पुढे लांडगामाणसं भेटली तर तो भाल्यावर करू की खंजिरावर?

---

दाराआड

खंजिरावर. लांडगामाणूस दिवसा माणसाच्या रूपात भेटतो, अशा जागी जिथे भाला दाराशी ठेवून आत यावं लागतं. आणि भाला ती फेकणार की नाही, हे तुमच्या डीएमला इतक्यात सांगू नका.